आधी गाल, मग भिंग : रायफलीचा दस्ता आणि दुर्बिणीची बैठक यांच्या निवडीमागील भौतिकी

सारांश : रायफलीचा कारखान्यातून आलेला दस्ता बदलून बाजारात स्वतंत्रपणे मिळणारा दस्ता बसविणे आणि रायफलीवर दुर्बीण चढविणे या दोन बाबींचा विचार सामान्यतः परस्परांपासून अलग ठेवून केला जातो. नेमबाजाचा डोळा कोठे स्थिरावेल हे दस्ता ठरवितो, आणि दुर्बिणीची बैठक त्या डोळ्याच्या उंचीला येणे आवश्यक असते. म्हणून या दोहोंच्या निवडीला एक निश्चित क्रम आहे. हा क्रम उलटा झाल्यास निर्माण होणारे दोष नेमबाजाच्या कौशल्यातील उणिवा म्हणून गणले जातात. प्रस्तुत लेखात या दोषांचे परिमाण साध्या आकडेमोडीने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : रायफल, दस्ता, गालपट्टी, दुर्बिणीची बैठक, पॅरलॅक्स, छर्ऱ्याची रायफल.

प्रस्तावना

महाराष्ट्राला नेमबाजीची परंपरा नवी नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविणाऱ्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविणारे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे ही नावे आता ग्रामीण भागातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्याही तोंडी आहेत. परिणामी जिमखान्याच्या खोलीत किंवा एखाद्या रिकाम्या वर्गात १० मीटरची रेंज आखून दोन-तीन छर्ऱ्याच्या रायफलींवर सराव सुरू करणारी महाविद्यालये वाढत आहेत.

प्रस्तुत लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक असून जिमखाना समितीचा सदस्य या नात्याने अशाच एका छोट्या केंद्राशी त्याचा संबंध आला. या केंद्रातील एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून या लेखाचा विषय सुचला. तिची उंची पाच फुटांहून किंचित कमी. पहिल्या दोन महिन्यांत तिची प्रगती चांगली होती, पुढे मात्र ती थांबली. छर्रे लक्ष्यपत्रावर उभ्या पट्ट्यात विखुरले जात. "हात स्थिर नाही, एकाग्रता नाही" असे निदान झाले आणि निवड चाचणीसाठी तिचे नाव पाठवावे की नाही याविषयी समितीत शंका व्यक्त झाली. तिच्या हाती असलेली रायफल तिच्या शरीराला बसते की नाही, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही सुचला नव्हता. सुचला तेव्हा असे दिसले की दस्ता तिच्यासाठी जवळजवळ दीड इंच लांब होता आणि डोळा नेमाच्या रेषेत आणण्यासाठी ती गाल दस्त्यावर न टेकता हवेत धरत होती. शरीराचा आधार नसलेला डोळा प्रत्येक वेळी नव्या जागी जाणार, हे उघड आहे.

दस्ता : शरीर आणि यंत्र यांच्यातील सांधा

रायफलीच्या धातूच्या भागाला, म्हणजे नळी आणि तिच्या मागील यंत्रणेला, माणसाच्या शरीराची काहीच कल्पना नसते. ती कल्पना दस्त्याने करायची असते. खांद्याला टेकणारा मागचा भाग, गाल टेकण्याची कड, उजव्या हाताची मूठ आणि डाव्या हातावर विसावणारा पुढचा भाग अशा चार ठिकाणी दस्ता शरीराला भेटतो. या चारांपैकी एक जरी चुकीच्या जागी असले तरी उरलेल्या तीन ठिकाणचे स्नायू ती चूक भरून काढण्याच्या कामाला लागतात. ताणलेला स्नायू थरथरतो, ही शरीरशास्त्रातील साधी गोष्ट आहे.

पहिले माप लांबीचे. चापापासून दस्त्याच्या मागील टोकापर्यंतचे हे अंतर कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रायफलींत साडेतेरा ते चौदा इंच, म्हणजे सुमारे ३४३ ते ३५६ मिलिमीटर असते. हे माप मध्यम ते उंच पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून ठरलेले आहे. जुनी ओळखीची चाचणी अशी की, कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या खोलगटात टेकवावे आणि तर्जनी चापावर सहज पोहोचते का ते पाहावे. ही चाचणी ढोबळ आहे, कारण मानेची लांबी आणि खांद्याची रुंदी तिच्यात येत नाही. तथापि फार मोठी चूक ती नक्की पकडते. उपरोक्त विद्यार्थिनीसाठी योग्य माप सव्वाबारा इंचांच्या आसपास निघाले.

शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश सैन्याला ही गोष्ट ठाऊक होती, याचे लेखकाला आश्चर्य वाटले. भारतातील पोलीस दलांत प्रदीर्घ काळ वापरात राहिलेल्या आणि पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही तयार झालेल्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलीचा मागचा लाकडी दस्ता एकाच मापाचा नव्हता. तो आखूड, सामान्य आणि लांब अशा मापांत मिळे, शिवाय त्याहूनही आखूड असे बँटम माप होते. मापांत अर्ध्या-अर्ध्या इंचाचा फरक असे आणि माप ओळखण्यासाठी लाकडावर अक्षर ठोकलेले असे. लाखोंच्या संख्येने रायफली बनविणाऱ्या व्यवस्थेलाही एका मापात सारे शिपाई बसत नाहीत हे मान्य करावे लागले होते. आज आपल्या महाविद्यालयांत मात्र एकच रायफल सहा फुटी विद्यार्थ्याच्या आणि पाच फुटी विद्यार्थिनीच्या हाती फिरते.

दुसरे माप गालाच्या उंचीचे. लेखकाच्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत उपेक्षित माप आहे. डोके सरळ ठेवून गालाचे हाड दस्त्यावर पूर्ण वजनाने विसावले असता डोळा आपोआप नेमाच्या रेषेत आला पाहिजे. त्यासाठी मान वाकवावी लागत असेल तर गालपट्टी फार खाली आहे किंवा फार वर आहे असे समजावे. स्पर्धेच्या आधुनिक रायफलींत म्हणूनच गालपट्टी वर-खाली व डावी-उजवीकडे सरकते, मागील पट्टी लांब-आखूड होते आणि तिरपीही करता येते. थ्री पोझिशन्स प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत एकाच रायफलीने नेम धरावयाचा असतो. स्थिती बदलताना मिळणाऱ्या वेळात नेमबाज रायफलीची ही मापे बदलत असताना दिसतो. प्रत्येक स्थितीतील मापे त्याने वहीत मिलिमीटरमध्ये नोंदवून ठेवलेली असतात.

दस्त्याचे द्रव्य कोणते असावे, हा प्रश्न दुकानात सर्वप्रथम विचारला जातो. खरे तर तो नंतरचा आहे. अक्रोडाचे लाकूड पूर्वापार वापरात आहे, स्वस्त रायफलींत बीच वापरतात. लाकूड हाताला उबदार लागते आणि धक्का शोषून घेते, पण ते हवेतील ओलावाही शोषते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर मे महिन्यात नेमकी लावलेली रायफल जुलैत निराळी वागते याचे एक कारण हेच. फुगलेले लाकूड नळीला एका बाजूने दाबते आणि छर्रा किंवा गोळी सुटताना नळीला होणारे कंपन बदलते. नळी दस्त्याला चिकटली आहे का हे तपासण्यासाठी दोहोंच्या मधून कागदाची एक पट्टी पुढून मागे सरकवून पाहावी. ती अडली तर तेथे दाब आहे. पातळ लाकडी थर चिकटवून केलेला दस्ता ओलाव्याला अधिक दाद देत नाही, फक्त वजन वाढते. साच्यातून काढलेला प्लॅस्टिकचा दस्ता पाण्याला घाबरत नाही, परंतु हलक्या प्रतीचा असल्यास त्याचा पुढचा भाग हाताच्या दाबानेही वाकतो. ॲल्युमिनियमचा दस्ता या दृष्टीने सर्वांत स्थिर; त्याची किंमत मात्र आपल्याकडील मूळ रायफलीच्या किमतीलाही मागे टाकू शकते.

द्रव्यापेक्षा धातूची यंत्रणा दस्त्यात कशी बसते हे अधिक महत्त्वाचे असते. ती डुगडुगत असेल तर प्रत्येक वेळी किंचित निराळ्या जागी स्थिरावेल. नवा दस्ता घेताना तो आपल्याच रायफलीच्या नमुन्यासाठी बनविलेला आहे याची खात्री करावी. 'थोडे घासले की बसतो' या विक्रेत्याच्या आश्वासनावर विसंबू नये.

दुर्बिणीची बैठक : दशांश मिलिमीटरचा हिशेब

येथे एक खुलासा आवश्यक आहे. १० मीटर आणि ५० मीटर रायफलीच्या ऑलिंपिक प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही. तेथे मागे बारीक छिद्र आणि पुढे कडी अशी पीप साईट वापरतात. मग महाविद्यालयीन केंद्रात दुर्बीण कशासाठी? आम्ही ती दोन कारणांसाठी बसविली. कोणत्या छर्ऱ्यांचा गट लहान येतो हे तपासताना डोळ्याची चूक वगळता यावी, हे पहिले कारण. आणि विद्यार्थ्याचा दोष दृष्टीचा आहे की हाताचा, हे ओळखता यावे हे दुसरे. याखेरीज रायफल टेकूवर ठेवून खेळावयाच्या बेंचरेस्ट आणि मैदानी फील्ड टार्गेट या परदेशांत रुजलेल्या प्रकारांत दुर्बीण हे नेहमीचे साधन आहे.

दुर्बीण रायफलीला थेट जोडलेली नसते. रायफलीच्या पाठीवर खाचा किंवा रेल असते, त्यावर बैठक, बैठकीवर दोन कड्या आणि कड्यांत दुर्बिणीची नळी. ही नळी बहुधा २५.४ किंवा ३० मिलिमीटर व्यासाची असते. कड्या त्याच मापाच्या हव्यात. छर्ऱ्याच्या रायफलींवर सुमारे ११ मिलिमीटर रुंदीची तिरप्या कडांची खाच आढळते. मोठ्या रायफलींवर आडव्या खाचांची रेल असते. तिचे जुने रूप म्हणजे वीव्हर रेल. तिच्या खाचेची रुंदी ४.५७ मिलिमीटर. अमेरिकी लष्कराने १९९५ साली प्रमाणित केलेल्या पिकाटिनी रेलच्या खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर, आणि दोन खाचांच्या मध्यबिंदूंमधील अंतर सुमारे १० मिलिमीटर असे ठरलेले. त्यामुळे वीव्हरसाठीची कडी पिकाटिनीवर सहसा बसते, उलट मात्र घडत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी खरेदीतील बरीच फसगत टळते.

आता मूळ मुद्दा. दोन कड्यांमधील अंतर १०० मिलिमीटर आहे आणि मागची कडी पुढच्या कडीपेक्षा केवळ ०.१ मिलिमीटरने उंच आहे असे समजू. नेहमीच्या लिखाणाच्या एका कागदाची जाडी साधारण एवढीच असते. यातून निर्माण होणारा कोन ०.१ भागिले १००, म्हणजे एक हजारांश रेडियन. १० मीटरवर त्याचा परिणाम १० मिलिमीटर आणि १०० मीटरवर १०० मिलिमीटर. म्हणजे एका कागदाच्या जाडीमुळे १०० मीटरवरील नेम टीचभर नव्हे तरी चार बोटे सरकतो. ही चूक स्थिर असेल तर दुर्बिणीवरील खुंट्या फिरवून ती दुरुस्त करता येते. परंतु बैठक ढिली असल्यास हा दशांश मिलिमीटर प्रत्येक नेमाला कमी-जास्त होत राहतो आणि मग खुंटी फिरविणे म्हणजे पळत्याच्या पाठी लागणे होय.

स्क्रू घट्ट करण्यातही अतिरेक नको. कड्यांच्या स्क्रूसाठी अनेक उत्पादक १५ ते २० इंच-पौंड, म्हणजे सुमारे १.७ ते २.३ न्यूटन-मीटर एवढे पिळाचे बल सांगतात. हे बल हाताच्या अंदाजापेक्षा बरेच कमी असते. आपल्याकडे 'अजून अर्धा आटा' ही सवय आहे. तिने दुर्बिणीची नळी चेपते आणि आतील भिंगांची चौकट अडकते. पिळाचे बल मोजणारा स्क्रूड्रायव्हर महाग वाटतो, तरी चेपलेल्या दुर्बिणीपेक्षा तो स्वस्तच पडतो.

छर्ऱ्याच्या स्प्रिंग रायफलीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो आणि रायफल मागे येते. दट्ट्या दाबलेल्या हवेच्या गादीवर व टोकाशी थांबताच रायफल झटक्याने पुढे जाते. काही सहस्रांश सेकंदांत असे दोन विरुद्ध धक्के बसतात. बारुदाच्या रायफलीसाठी बनविलेली दुर्बीण एका दिशेचा जबर धक्का सहन करते, पण उलट दिशेच्या धक्क्याने तिची भिंगे सैल होऊ शकतात. म्हणून दुर्बीण छर्ऱ्याच्या स्प्रिंग रायफलीसाठी योग्य असल्याचे उत्पादकाने स्पष्ट लिहिलेले असावे. केवळ ती महाग आहे ही खात्री पुरेशी नाही. या धक्क्यांनी बैठकही खाचेवरून हळूहळू मागे सरकते. त्यासाठी दोन सुट्या कड्यांऐवजी एकसंध बैठक आणि रेलवरील भोकात अडकणारी खुंटी असलेली बैठक घ्यावी.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. एका शहरातील दुकानातून आणलेल्या दोन सुट्या कड्यांवर आम्ही दुर्बीण चढविली. विक्रेत्याने खुंटीचा उल्लेख केला नाही आणि आम्हीही विचारले नाही. पहिला आठवडा गट उत्तम आला, तिसऱ्या आठवड्यात तो पसरला. छर्रे बदलले, नळी साफ केली, मुलांना बोलणी बसली. शेवटी रेलवर ओरखड्यांची चमकदार रेघ दिसली. दुर्बीण जवळजवळ एक सेंटिमीटर मागे आली होती. तेवढ्याने चित्र पूर्ण दिसावे म्हणून मुले नकळत डोके मागे घेत होती आणि गाल दस्त्यावरील ठरलेली जागा सोडून देत होता. बैठकीतील दोष गालाच्या मार्गाने गटात उतरला होता.

दुर्बिणीच्या मागच्या भिंगापासून डोळ्याचे अंतर बहुधा ७५ ते १०० मिलिमीटर ठेवावे लागते. बारुदाच्या रायफलीवर हे अंतर कमी पडले तर भुवईवर खोक पडते, हे येथे नमूद केलेले बरे.

गाल आणि भिंग यांचे नाते

पॅरलॅक्स ही संज्ञा भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत टाचण्यांच्या निमित्ताने अनुभवलेली असते. डोळा हलविला असता दोन वस्तू एकमेकींच्या सापेक्ष सरकताना दिसल्या तर त्या एका प्रतलात नाहीत. दुर्बिणीतही लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची फुली एका प्रतलात केवळ एका विशिष्ट अंतरासाठी येतात. मोठ्या रायफलींच्या साध्या दुर्बिणींत हे अंतर बहुधा १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, पक्के केलेले असते. त्या अंतराच्या अलीकडे वा पलीकडे डोळा मध्यभागी नसेल तर फुली लक्ष्यावर असूनही नेम लक्ष्यावर नसतो.

ही चूक किती? डोळ्याचे विस्थापन गुणिले दुर्बिणीची वर्धनशक्ती, आणि त्याला प्रत्यक्ष अंतर व जुळविलेले अंतर यांतील फरकाचे जुळविलेल्या अंतराशी असलेले गुणोत्तर लावावे. १०० मीटरसाठी जुळविलेली चार पटींची दुर्बीण १० मीटरच्या रेंजवर वापरली आणि डोळा केवळ २ मिलिमीटर बाजूला गेला तर चूक २ × ४ × ०.९, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर येते. १० मीटरच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर आणि नऊ गुणांचे वर्तुळ साडेपाच मिलिमीटर व्यासाचे असते, हे पाहिले म्हणजे या सात मिलिमीटरांचे मोल कळते. गाल दस्त्यावर पक्का टेकलेला नसताना डोळा २ मिलिमीटर सरकणे ही अगदी नित्याची बाब आहे.

उपाय दोन. जवळच्या अंतरासाठी जुळविता येणारी दुर्बीण घेणे हा पहिला. दुसरा, आणि दुर्बीण कोणतीही असली तरी लागू पडणारा, म्हणजे डोळा दर वेळी त्याच जागी आणून ठेवणारी गालपट्टी. म्हणून दुर्बिणीची बैठक 'जितकी खाली तितकी चांगली' हा बाजारात ऐकू येणारा नियम अर्धाच खरा आहे. कारखान्यातून येणारा साधा दस्ता उघड्या साईटसाठी केलेला असतो आणि ती साईट नळीच्या लगत असते. तिच्यावर दुर्बीण चढविताच नेमाची रेषा नळीच्या अक्षापासून ४०-५० मिलिमीटर वर जाते, गाल मात्र पूर्वीच्याच कडेवर राहतो. मग एकतर मान ताणावी लागते किंवा हनुवटी टेकून नेम धरावा लागतो. बैठकीची उंची पुढचे भिंग नळीला लागणार नाही इतपत असावी, आणि त्यानंतर गालपट्टी त्या उंचीपर्यंत वर आणावी. गालपट्टी तेवढी वर येत नसेल, तर दस्ता बदलल्याखेरीज दुर्बीण घेण्यात अर्थ नाही.

याचे उत्तम उदाहरण पुन्हा ली-एनफिल्डच्याच घराण्यात आढळते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने निवडक क्रमांक ४ रायफलींवर दुर्बिणी बसविल्या. हे काम प्रामुख्याने लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या जुन्या बंदूक निर्मात्यांकडे होते. तीन पटींची ती क्रमांक ३२ दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी योजलेली होती. यंत्रणेच्या डाव्या बाजूस पोलादी बैठका पक्क्या केल्या जात आणि त्याचबरोबर दस्त्यावर लाकडी गालपट्टी स्क्रूने बसविली जाई, कारण दुर्बीण नळीच्या बरीच वर येत होती. शिवाय दुर्बिणीचा क्रमांक त्याच रायफलीच्या लाकडावर ठोकत असत. एका रायफलीची दुर्बीण दुसरीवर चढवू नये हा हेतू. दस्ता, बैठक आणि दुर्बीण ही एकच वस्तू आहे असे मानणारी ही कार्यपद्धती होती. आज सुटे भाग वेगवेगळ्या दुकानांतून येतात आणि ही एकवाक्यता ज्याची त्याने साधावयाची असते.

निवड बरोबर झाली का, हे पाहण्याची एक चाचणी लेखक विद्यार्थ्यांकडून नियमितपणे करून घेतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून डोळे मिटावेत, रायफल खांद्याला लावावी, गाल सैलपणे टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीतील चित्र पूर्ण व गोल दिसले पाहिजे. एका कडेला काळी चंद्रकोर दिसली तर ती ज्या बाजूला असेल त्यावरून गालपट्टी वर की खाली, हे ठरविता येते. दहा वेळा करून नऊ वेळा पूर्ण चित्र आले तर मापे बरोबर आहेत.

रायफल कलण्याविषयी थोडेसे. दुर्बीण कड्यांत किंचित फिरलेली असेल तर नेमबाज फुली सरळ दिसावी म्हणून रायफलच कलती धरतो. ५० मीटरवर .२२ ची गोळी गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२० मिलिमीटर खाली येते. रायफल ३ अंश कलली तर आघात ६ मिलिमीटरने बाजूला जातो. दूरवर टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीवर उभी रेघ जुळवून मगच कड्या आवळाव्यात. गवंड्याचा ओळंबा यासाठी पुरेसा आहे.

कायदा आणि खर्च

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर आपल्याकडे या साधनांचा विधिसंमत उपयोग मुख्यत्वे लक्ष्यपत्रापुरता आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या छर्ऱ्याच्या रायफलीस परवाना लागतो. परवान्याच्या रायफलीत बैठकीसाठी भोके पाडणे यांसारखे काम परवानाधारक कारागिराकडूनच करवून घ्यावे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या .२२ रायफली तर सरकारी मालमत्ता. त्यांच्या दस्त्याला हात लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे फार तर जाड जॅकेट उतरवून उंचीने कमी असलेल्या छात्राला थोडी लांबी मिळवून देता येते.

महाविद्यालयाचा निधी मर्यादित असतो आणि तो खर्च करताना डोळ्यांत भरणारी वस्तू आधी घेतली जाते. दुर्बीण दिसते, तिचे उद्घाटन करता येते; लाकडाची एक चकती दिसत नाही. लेखकाच्या समितीने हाच दोष केला. दुर्बीण आणि कड्यांवर जेवढे पैसे गेले त्याच्या दशांशात दस्त्याचा प्रश्न सुटला. गावातील एका सुताराने जुन्या रायफलीच्या दस्त्याचा मागचा भाग दीड इंच कापून दिला. रबरी पट्टी पुन्हा बसविली आणि कापलेल्या तुकड्यापासून अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या तीन चकत्या करवून घेतल्या. सागाच्या फळीची गालपट्टी दोन लांब स्क्रूंवर उभी केली. खाली वॉशर घालून ती वर-खाली होते. देखणी नाही, परंतु हलत नाही.

या बदलानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या विद्यार्थिनीच्या लक्ष्यपत्रावरील उभा पट्टा आक्रसून गोलाकार झाला आणि तिचे नाव चाचणीसाठी गेले. चाचणीत ती निवडली गेली नाही, पाच गुणांनी राहिली; परंतु या वेळी निदान तिच्या गुणांचीच मोजणी झाली. आता केंद्रातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावासमोर वहीत दोन आकडे असतात : चकत्या किती आणि वॉशर किती. उंच मुले आली की तीनही चकत्या चढतात, ती आली की उतरतात. या कामाला चार मिनिटे लागतात.